एकशे सहा व्होल्टचं भूत

मला राग येतो. लहानपणापासून येतो, आणि आला की गिळायची मला सवय नाही. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, म्हणते की तुझ्या जिभेला हाड नाही. नसू दे. पण गेल्या चार दिवसांत मी जेवढी चिडलेय तेवढी उभ्या आयुष्यात चिडले नव्हते. ताईचा नवरा, आमचे दाजी, दवाखान्यात डोळे मिटून पडलेत. डॉक्टर म्हणतात, शुद्धीवर येतील किंवा येणारही नाहीत, वाट बघू. आणि जो तो मला गाठून सांगतोय की तू तरी सांगितलं होतंस गं बाई, त्यांनीच ऐकलं नाही.

तर ऐका काय झालं ते.

मी इलेक्ट्रिशियन आहे, एका मोठ्या लाँड्रीत. कोपऱ्यावरची चार शर्टांची लाँड्री नव्हे. शहरातल्या हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं आमच्याकडे येतं. खोलीएवढी धुलाईची मशिनं, त्यांच्या मागे ड्रायर, आणि मधोमध रोलर. पिंपाएवढे जाड तापलेले रोलर, एकीकडून ओली चादर आत जाते आणि दुसरीकडून कडक इस्त्री होऊन बाहेर येते. तिथे घड्या घालणाऱ्या बायकांचं लांबलचक टेबल. खाली फरशी कायम ओली, वर कायम वाफ. अशा जागी वीज सांभाळायचं काम आम्ही दोघं करायचो, दाजी आणि मी.

काम मला दाजींनीच शिकवलं. माझा संसार मोडला तेव्हा मी तिशीची होते आणि अंगात कसलंही कसब नव्हतं. नातेवाइकांनी शिवणकाम सुचवलं. दाजी म्हणाले, "हिच्या अंगात एवढा करंट आहे, ही सुईदोऱ्यात मावायची नाही," आणि दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन गेले. पहिले दोन महिने त्यांनी मला मीटर हातात धरू दिला नाही. नुसतं बघायला लावलं. लोकांना वाटतं, मीटरात काय आहे, दोन सळ्या टेकवायच्या आणि आकडा वाचायचा. असं म्हणणाऱ्या माणसाच्या हाती मी टॉर्चसुद्धा देणार नाही.

दाजींची पद्धत पक्की होती. आधी मीटरच्या वायरी बोटांतून ओढून बघायच्या, कुठे चीर गेलीय का. मग वायरी योग्य भोकात आहेत का, चक्र योग्य खुणेवर आहे का. सळी धरताना बोटं प्लास्टिकच्या कडेच्या मागेच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीनदा मोजायचं. आधी जिथे वीज आहे हे ठाऊक आहे तिथे, मीटर जिवंत आहे की नाही ते कळतं. मग जिथे हात घालायचाय तिथे. मग परत चालू जागी, मधल्या वेळात मीटर मेला नाही ना हे बघायला. "मेलेला मीटर शून्यच दाखवतो," दाजी म्हणायचे, "आणि शून्यावर विश्वास ठेवून माणूस हात घालतो." पंधरा वर्षांत एकदाही त्यांनी यातली एक पायरी गाळलेली मी पाहिली नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आता लोक त्यांना निष्काळजी म्हणायला लागलेत. म्हणणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते मला.

भानगड होती ती भुताची.

आमच्या लाँड्रीत छताखालून लोखंडी ट्रे गेलाय, त्यात शंभरेक वायरी एकमेकींना खेटून पडलेल्या. त्यात काही राखीव असतात, पुढेमागे लागतील म्हणून टाकून ठेवलेल्या, दोन्ही टोकांना कुठेही न जोडलेल्या. अशा वायरीवर मीटर लावला की तो शून्य दाखवायला पाहिजे, पण दाखवत नाही. सत्तर, ऐंशी, नव्वद व्होल्ट दाखवतो. शेजारच्या चालू वायरींचा वारा लागलेला असतो तिला. त्यात दम काही नसतो, मुंगी मरायची नाही त्यानं, पण हल्लीचे मीटर एवढे नाजूक की तेवढंही पकडतात. त्याला आम्ही लोक भूत म्हणतो. दिसतं, पण असत नाही.

आता भूत आहे की खरी वीज आहे, हे ओळखायचं कसं? त्याला दाजींकडे दिवा होता. होल्डरला दोन वायरी जोडलेला, जाळीच्या पिंजऱ्यातला साधा बल्ब. संशयित वायरीला दिवा लावला की भूत पळालं. आकडा धपकन शून्यावर. खरी वीज असली तर दिवा लागतो, निदान लाल तरी होतो. दाजींचा नियम होता, पन्नासच्या वर काहीही दिसलं तर दिवा लावल्याशिवाय बोट लावायचं नाही. हा नियम त्यांनी माझ्या डोक्यात एवढा ठोकला होता की मी झोपेतसुद्धा सांगितला असता.

मग आले हेल्मेटसाहेब. हे आमचे मॅनेजर. चादरींच्या लाँड्रीत डोक्यावर काय पडणार, उशीचा अभ्रा? पण हा माणूस दिवसभर पिवळं हेल्मेट घालून फिरतो. कुठल्याशा दुसऱ्या कारखान्यात कुणाच्या तरी हातात असला दिवा फुटला, म्हणून वरून कागद आला की असले दिवे वापरायचे नाहीत. ठीक आहे, मानलं. घरी बनवलेला दिवा धोक्याचाच, ते मलाही कळतं. पण मग त्याचं काम करणारा मीटर द्या ना! असे मीटर मिळतात, एक बटण दाबलं की मीटरच दिव्यासारखा वागतो आणि भूत पळवतो. मी दोनदा लेखी मागितला. हेल्मेटसाहेब म्हणाले, "मीटर तो मीटर. एक आहे ना तुमच्याकडे?" आणि दिवा त्यांच्या केबिनमधल्या कपाटात, कुलपात. हवा असेल तर फॉर्म भरा, कारण लिहा, त्यांची सही घ्या. ते जागेवर असले तर.

आणि रोलर बंद पडला की सगळे आमच्या उरावर. हॉस्पिटलची गाडी दारात उभी, चादरी ओल्या, घड्यांचं टेबल रिकामं. अशा वेळी फॉर्म कोण भरतो? दाजींनी पहिल्या आठवड्यात दोनदा भरला. मग सोडून दिला. नव्वद दिसले की म्हणायचे, "भूत आहे," आणि कामाला लागायचे. दर वेळी भूतच निघायचं. वर मला समजवायचे, "हे बघ, भूत नाचतं. अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव, नव्वद, एका जागी थांबत नाही. खरी वीज असली की आकडा ठाण मांडून बसतो. नेहमीच असं नाही, पण बहुतेकदा."

"नेहमीच नाही ना? मग दिवा का नको?" मी म्हणायचे.

"मेव्हणीबाई, तुमच्या डोक्यातले व्होल्ट मोजायला आधी मोठा मीटर आणू, मग दिव्याचं बघू." हसून विषय संपवायचे. मला त्यांचा तो हसून विषय संपवायचा प्रकार अजिबात आवडत नसे.

महिन्यापूर्वीची गोष्ट. रोलरची एक कंट्रोलची वायर, म्हणजे तो चालू-बंद करणारी, आत कुठेतरी तुटली, रोलर थंड. दाजींनी ठरवलं, ट्रेमधल्या तीन राखीव वायरींपैकी एक घ्यायची आणि काम चालू करायचं. रोलरचा मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं, घोडा, म्हणजे दोन्हीकडून चढायची शिडी, उभा केला. वरच्या पायरीवर दाजी, दोन्ही हातांत दोन सळ्या. घोड्याच्या दुसऱ्या बाजूला दोन पायऱ्या खाली मी, मीटर हातात धरून. मीटरच्या वायरी आखूड, म्हणून हीच पद्धत. आकडा मला दिसायचा, त्यांना नाही.

"किती?"

"एक्क्याण्णव."

"भूत," म्हणाले, आणि सळ्या खिशात घालून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

माझं डोकंच फिरलं. "दाजी, हात लावाल तर बघा! दिवा आणते."

"अगं, भूत आहे."

"तुमचाच नियम ना? पन्नासच्या वर दिवा!"

"खाली गाडी उभी आहे, बाई."

"गाडी गेली उडत!" मी त्यांची विजारच धरली आणि ओढलं. ते एक पायरी खाली घसरले. घड्यांच्या टेबलावरच्या सगळ्या बायका माना वर करून बघायला लागल्या. मी तशीच तणतणत केबिनमध्ये गेले, हेल्मेटसाहेबांकडे किल्ली मागितली. ते म्हणाले, फॉर्म. मी म्हटलं, "तुमच्या त्या हेल्मेटखाली काही आहे का, की नुसतीच टोपी?" हे मी म्हटलं, खोटं कशाला बोलू? किल्ली मिळायला पाऊण तास गेला. तोवर गाडी रिकामी परत गेली. मग दिवा लावला. दिवा लागला नाही. आकडा धपकन शून्यावर.

भूतच होतं.

सगळा मजला खो खो हसला. टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "मांत्रिकीणबाई, उतरलं का भूत?" तेव्हापासून मला तेच नाव पडलं. दाजी हसले नाहीत. त्यांनी वायर जोडली, घोडा उचलला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी हेल्मेटसाहेबांनी सगळ्यांना उभं केलं. वरिष्ठ कामगाराच्या कामात अडथळा, मॅनेजरशी उद्धट बोलणं. एक तर सगळ्यांसमोर दाजींची माफी मागा, नाही तर उद्यापासून घड्यांच्या टेबलावर. घड्यांच्या टेबलाला मी कमी लेखत नाही. पण पंधरा वर्षं जे काम शिकले ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही शिकले मी. मी दाजींकडे बघितलं. म्हटलं, आता म्हणतील, राहू द्या साहेब, पोरगी चुकली नाही, नियम माझाच आहे. एवढं एक वाक्य. ते जमिनीकडे बघत उभे राहिले. त्यांना भीती वाटली असेल, की कालच्या ओढाओढीचा राग असेल, देव जाणे. मी म्हटलं, "मी चुकले." म्हणताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, आता या माणसाला कामावर एक शब्द सांगणार नाही. विचारलं तेवढं उत्तर. हातात मीटर दिला, मीटर धरीन. आकडा विचारला, आकडा सांगीन. बाकी तुम्ही आणि तुमची भुतं.

आणि मी ते पाळलं. तीन आठवडे पाळलं. ताईनं दोनदा जेवायला बोलावलं, मी गेले नाही. "अगं, घरातली माणसं आपण, असं तोंड फिरवून कसं चालेल?" ती फोनवर म्हणाली. मी म्हटलं, तोंड फिरवलेलं नाही, बंद केलंय. दाजीही कामावर एकदोनदा गोड बोलून बघायचे, "मेव्हणीबाई, मौनव्रत किती दिवसांचं?" मी ढिम्म. मला मनातून बरं वाटायचं. कसे नरमलेत बघा, असं वाटायचं. माणूस किती हलकट असतो ते मला या चार दिवसांत कळलंय.

मग हा सोमवार.

आदल्या शनिवारी बाहेरचा ठेकेदार येऊन नवा ब्लोअर, वाफ बाहेर फेकणारा मोठा पंखा, बसवून गेला होता. ब्लोअरच्या कंट्रोलला त्याला लांब वायर ओढावी लागली असती. त्यानं ट्रेमधली आमची दुसरी राखीव वायर घेतली आणि दोन्ही टोकांना जोडून टाकली. वायरीला चिठ्ठी नाही, वहीत नोंद नाही, आम्हाला निरोप नाही. हेल्मेटसाहेबांनी काम बघून सही केली. आता त्या वायरीत ब्लोअरच्या पॅनलमधून वीज वाहत होती, घरातल्यासारखी अख्खी नव्हे, कंट्रोलची, एकशे दहाच्या आसपासची. म्हणजे भुताच्या आकड्यापेक्षा जराशीच वर.

हे आता कळतंय. सोमवारी सकाळी एवढंच कळलं की रोलर पुन्हा थंड आहे आणि गाडी दारात आहे.

पुन्हा कंट्रोलची वायरच गेली होती, आणि दाजींनी या वेळी दुसरी राखीव वायर घ्यायचं ठरवलं. तोच घोडा, तीच पायरी. दाजींनी रोलरचा मेन बंद केला, कुलूप लावलं. मीटर चालू जागी लावून तपासला. वर गेले. डावा हात ट्रेला धरून तोल सावरला, मग दोन्ही सळ्या टेकवल्या.

"किती?"

"एकशे सहा," मी म्हटलं.

"जाड झालंय भूत," दाजी म्हणाले. वाफेनं त्यांचा चेहरा घामाघूम झाला होता. सळ्या अजून टेकवलेल्याच होत्या, आणि मी आकड्याकडे बघत होते. एकशे सहा. एकशे सहा. एकशे सहा. हलत नव्हता. पाण्यात दगड बसावा तसा बसला होता. मला कळलं. अर्धवट नाही, शंका म्हणून नाही, चक्क कळलं की हे भूत नव्हे. माझं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात टेबलावरून आवाज आला, "मांत्रिकीणबाई, आज काय म्हणतंय भूत?" आणि दोघीतिघी फिसकन हसल्या.

मी तोंड मिटलं.

वाटलं, मरू दे. बघू दे यांनाच. लागेल जरासा झटका, उतरेल माज. असं वाटलं मला, अगदी याच शब्दांत. दाजींनी सळ्या खिशात घातल्या, स्क्रू सैल केला, वायरीचं टोक ओढून बोटांत धरलं. डावा हात तोलासाठी पुन्हा ट्रेवर गेला होता.

त्यांनी आवाजही केला नाही. बोटं मिटली, खांदा कानापर्यंत गेला, आणि ते घोड्यावरून मागे गेले. डोकं रोलरच्या लोखंडी कडेवर आपटलं, मग ओल्या फरशीवर. मी पायरीवरून कशी उतरले मला आठवत नाही. हातात मीटर होता, आणि तो शून्य दाखवत होता.

त्यांना दवाखान्यात नेलं. श्वास चालू, नाडी चालू, बाकी काही नाही. दोन दिवसांत लाँड्रीत नवा मीटर आला. बटणाचा, मी दोनदा लिहून मागितलेला. खोक्यातून काढून हेल्मेटसाहेबांनी माझ्या हातात दिला तेव्हा तो त्यांच्याच डोक्यात घालावा असं वाटलं, हेल्मेट असो वा नसो. त्यांना मी तोंडावर विचारलं, "हा महिन्यापूर्वी का नाही आला?" म्हणाले, "प्रक्रिया असते."

आज दुपारी तेच साहेब दवाखान्यात आले, हातात कागद घेऊन. दाजींच्या खोलीबाहेर बाकावर ताई बसली होती. ताई चार दिवस खोलीत जाते, नळ्या बघते, चादर सारखी करते आणि बाहेर येते. नवऱ्याला हात लावत नाही. रागावलीय त्यांच्यावर. पहिल्या दिवसापासून एकच टकळी. "पोरगी मागे जीव तोडून सांगत होती, सगळ्यांसमोर माफी मागितली तिनं, तरी या माणसाला अक्कल नाही. या वेळीही सांगितलं असणार तिनं. हसण्यावारी नेलं असणार यांनी. माझा विचार केला का यांनी? केला का?" मी शेजारी बसून ऐकायचे. पहिल्या दिवशी बोलले नाही, तेव्हा वाटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्याहून अवघड झालं. रागानं आतून जळत होते मी, पण तो राग नेमका कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं, म्हणून नर्सवर काढला, लिफ्टवर काढला.

साहेबांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि कागद वाचून दाखवला. "सहकारी महिला कामगाराने यापूर्वी व घटनेच्या वेळीही धोक्याची सूचना दिली असता, संबंधिताने ती दुर्लक्षित करून..." मग माझ्याकडे पेन धरलं. "फक्त सही. तुमच्यावर काही येत नाही यात. उलट तुमचंच बरोबर होतं, हे लेखी राहील."

ताई म्हणाली, "कर गं सही. खरंच आहे ते. तुझ्यासारखी गप्प बसणारी आहे का कुणी!"

मी पेन घेतलं. आणि कागदाकडे बघताना मला असा संताप आला की अक्षरं दिसेनात. या कागदात ठेकेदार नव्हता. कुलूप नव्हतं. मी दोनदा मागितलेला मीटर नव्हता. साहेबांची ब्लोअरवरची सही नव्हती. एकटे दाजी होते, आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारी मी. डोळे मिटून पडलेल्या माणसावर सगळं ढकलायचं, आणि ते माझ्या सहीनं.

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. दिवा कुलपात होता. मीटर दोनदा मागितला, दिला नाही. वायरीला चिठ्ठी नव्हती. साहेब म्हणाले, "अहो, हे काय करताय? असं नाही चालत." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा!" एवढ्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडची नर्स बाहेर आली. मग शेवटची ओळ लिहिली, सही केली, कागद त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी वाचलं, हेल्मेट उचललं आणि जिन्याकडे गेले.

"काय लिहिलंस?" ताईनं विचारलं.

"ताई, मी सांगितलं नाही त्यांना."

"काय नाही सांगितलंस?"

"सोमवारी. आकडा मला दिसत होता, त्यांना दिसत नव्हता. त्यांनी विचारलं किती, मी आकडा सांगितला. तो हलत नव्हता. खरी वीज आहे हे मला कळलं होतं. मी बोलले नाही."

ताई माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं मी दुःखानं काहीतरी बरळतेय. "विसरलीस का? घाईत राहून गेलं का?"

"नाही. राग होता म्हणून बोलले नाही. त्या माफीचा राग. वाटलं, लागू दे झटका."

 मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून बसले होते, कधी नव्हे ते.

"माझ्या भाजीत मीठ कमी पडलं तर दहा जणांत सांगतेस," ताई शेवटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता तिचा. "पदर नीट नसला तर रस्त्यात थांबवून सांगतेस. आणि हे नाही सांगितलंस?"

 

ती उठली, खोलीत गेली. दार अर्धवट उघडं होतं. मी बाकावरून बघत होते. तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली, पट्टी बांधलेला दाजींचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"अहो," ती म्हणाली, "चार दिवस मी तुम्हालाच बोलत होते हो. तुम्हालाच."

मी दारापर्यंत गेले. तिनं वर बघितलं, आणि पायानं दार लोटून घेतलं.